मुडबीची वाट

बसवकल्याणच्या बसस्टँडमागे नागराजचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्याच्या बायकोचं, रूपाचं, राज्य. ती खोली म्हणजे डार्करूम. काळेपांढरे फोटो धुवायला रूपा भालकीला वडलांकडे शिकली होती आणि लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर त्यांचं फोटो मोठे करून छापायचं यंत्र, एन्लार्जरही सासरी घेऊन आली होती. पण ही गोष्ट दोन हजार दोन सालची. लोकांना आता फोटोत साडीचा रंग दिसायला हवा होता. रंगीत रोल धुवायला हैदराबादला जायचे आणि डार्करूम नुसती बसून असायची. त्या जागी झेरॉक्स मशीन ठेवायचं नागराजच्या मनानं घेतलं होतं.

"एक तरी गिऱ्हाईक दाखव, रूपा," तो म्हणाला. "एकानं जरी काळापांढरा फोटो मागून घेतला, तर मी झेरॉक्सचं नाव काढत न्हाई."

नागराज वाईट माणूस नव्हता, व्यवहारी होता एवढंच. आणि शब्दाचा पक्का होता.

रूपानं गिऱ्हाईक धरलं तेही नेमकं अवघड. भगवानराव मूळचे जवळच्या मुडबी गावचे. घरची शेती, आडतीचा धंदा आणि नुकतंच बसस्टँडसमोर काढलेलं लॉजिंग. काउंटरमागच्या भिंतीवर त्यांनी स्वित्झर्लंडचं भलंमोठं पोस्टर लावलं होतं. त्यात बर्फाचा डोंगर होता, निळंशार तळं होतं आणि एक गलेलठ्ठ गाय होती.

"त्या गाईच्या जागी मी तुम्हाला मुडबीचा माळ लावून देते," रूपा म्हणाली.

"माळात काय बघायचं बाई? जल्म गेला की बघण्यात." पण तोंडावर नाही म्हणणं भगवानरावांना कधी जमलं नाही. "बरं, आणून तर दाखव."

रूपा बसनं मुडबीला गेली, माळाचा फोटो काढून आली आणि छोट्या कागदावर छापून सासूपुढे ठेवला. सासू गंगव्वा. घराणं मूळचं मेंढरंवाल्यांचं, मुडबीच्याच माळावर मेंढरं चारणाऱ्यांचं. सासरे घोंगड्या विणायचे आणि गंगव्वा लोकर निवडून द्यायची. मेंढरं गेली, माग गेला, सासरेही गेले, तरी लोकरीचे चार पुंजके तिनं एका डब्यात जपून ठेवले होते. फोटोतलं तिला काही कळत असेल असं रूपाला वाटत नव्हतं. कौतुक ऐकावं म्हणून दाखवला, इतकंच.

"आभाळ एवढं कामून घेतलंस?" गंगव्वा म्हणाली. "मेंढरं आभाळात चरतेत व्हय?"

रूपाला राग आला. मग तिनं फोटो लांब धरून पाहिला. निम्म्या कागदावर खरंच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, एका उंच बांधावर चढली, कॅमेरा खाली झुकवला आणि आभाळाला चार बोटं जागा ठेवून बाकी सगळी माळाला दिली.

"आता बरं हाय," गंगव्वा म्हणाली, "पण सगळं भुरकंच दिसायलंय." तिनं डबा उघडला आणि कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर काढून फोटोवर ठेवली. "हे काळं. ह्याच्यासारखं काळं तुझ्यात कुठं हाय दाखव बरं. नुसत्या भुरक्याची घोंगडी कुणी घेत न्हाई पोरी. काळी किनार लावली की मग भुरकं उठून दिसतंय."

रूपानं शोधलं. फोटोत कुठंच तसं काळं नव्हतं. भर दुपारच्या उन्हात सगळा माळ एकसारखा फिका पडला होता. वडील हेच सांगायचे, पण ते इंग्रजी शब्दांत सांगायचे आणि रूपा हो हो म्हणायची. आज पहिल्यांदा तिला ते समजलं.

"काळं आणू कुठून, आत्याबाई?"

"मुडबीचा शंकरप्पा बाजारात भेटला व्हता, माळाच्या कडंला नांगर धरणार हाय. दोन दिस थांब. आन उन्हं कलल्यावर जा."

रूपा दोन दिवस थांबली. तिसऱ्या खेपेला बांधावर चढली तेव्हा पायथ्याशी ताज्या नांगरटीचा काळाभोर पट्टा होता. त्याच्या पलीकडून मुरमाची पांढरी पायवाट वर गेली होती, एका धोंड्यापाशी वळून बाभळीखालून पार गावाच्या पत्र्यांपर्यंत. निगेटिव्ह धुऊन उजेडात धरली तेव्हा खोलीत एकटीच असून ती हसली.

आता मोठा फोटो. मोठे कागद दोनच उरले होते. छापताना तिला एक गोष्ट खटकली. वाट उजव्या कोपऱ्यातून आत येत होती, आणि वडलांचं शिकवणं होतं की डोळा डावीकडून आत शिरतो. वाट फिरवायला कितीसा वेळ लागतो? तिनं एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह उलटी करून घातली. वाट डावीकडे आली आणि फोटो असा काही खुलला की रूपाला स्वतःचाच अभिमान वाटला.

गंगव्वानं फोटोवर काळी लोकर ठेवली, मग पांढरी ठेवली. मान डोलावली. मग तिचा चेहरा बदलला.

"ही वाट मुडबीला जात न्हाई."

"मुडबीचीच हाय, आत्याबाई. दिसायला चांगली दिसावी म्हणून नुसती फिरवलीय."

"फिरवलीस तर माणूस भलतीकडं जाईल की."

"फोटोत कोण चालायलंय?" रूपा चिडून म्हणाली. गंगव्वानं लोकर परत डब्यात ठेवली. पण आत्तापर्यंत म्हातारीचं एकही बोलणं वाया गेलं नव्हतं, आणि हे आठवून रूपाला चैन पडेना. शेवटी उरलेल्या कागदावर तिनं फोटो सुलटा छापला. तिच्या नजरेला तो उलट्यापेक्षा कमीच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सासूसुना लॉजवर गेल्या. साक्षीला म्हणून नागराजही गेला. रूपानं आधी आपल्या आवडीचा, उलटा फोटो काउंटरवर ठेवला.

"झ्याक हाय," भगवानराव म्हणाले. "हे कुठलं म्हणायचं? बार्शीकडचं?"

"मुडबीचं."

"असंल बाई." त्यांची नजर परत गाईकडे गेली. नागराजनं खाली बघितलं.

तेवढ्यात गंगव्वानं पिशवीतून दुसरा, सुलटा फोटो काढला आणि पहिल्यावर ठेवला. भगवानरावांनी पाहिलं, चष्मा चढवला आणि उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"हा शंकरप्पाचा बांध," ते म्हणाले. बोट वाटेनं वर सरकलं. "हितं धोंड्यापशी डावीकडं वळायचं." बोट वळलं. "ही बाभळ." तिथं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. "भाकरी घिऊन आई हितं बसायची. मी नांगर सोडून येईस्तोवर बसायची. उशीर झाला तरी एकटी जेवायची न्हाई." भगवानरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "मला वाटलं, ही वाट मी इसरलो."

रूपा सासूकडे बघत राहिली. वडलांचं शिकवणं खोटं नव्हतं, पण या माणसाचे पाय उजवीकडून घरी जात होते आणि ते गंगव्वाला ठाऊक होतं. आपण तिच्यावर चिडलो याची रूपाला लाज वाटली.

"असाच आणखी एक पाहिजे," भगवानराव चष्मा पुसत म्हणाले. "पोरगं पुण्यात हाय माझं. त्यालाबी दावतो, त्याची आजी कुठं बसायची ते."

रूपानं तोंड उघडायच्या आत नागराज बोलला, "व्हतंय की. हैदराबादहून कागद मागवतो." मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "आन तुझ्या डार्करूमच्या दाराच्या फटीतून उजेड यायलाय म्हणत व्हतीस न्हाई का? सुताराला आजच बोलवतो."

रूपाला फार आनंद झाला. ती नुसती मान हलवत राहिली.