मोयनाचं माहेर कुठलं

खोटं

"माझ्या भावाची पोर हाय ती. आगरदांड्याची. पहिलटकरीण ना, म्हणून घेऊन आलेय. तिला काय विचारू नका, ती लाजते. मला विचारा."

हे आवडाबाई म्हणाली. दिवेआगरला, स्वतःच्या पडवीत, सुपारी सोलता सोलता. समोर खुर्चीत पोलीस ठाण्यातून आलेली प्रणाली, खाकी वर्दीत. मोयना आवडाबाईच्या पाठीशी उभी होती, सातव्या महिन्याच्या पोटावर ओढणी धरून, आणि खरोखरच लाजल्यासारखी दिसत होती. ती घाबरली होती.

प्रणालीनं चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि शेजारच्या आवारात गेली.

तेही खोटं

"ती? माझ्या खालाची नात आहे की. म्हसळ्याची."

हे फरिदा म्हणाली, कुंपणापलीकडे कपडे वाळत घालताना.

"म्हसळ्यात कुठे?"

"मोहल्ल्यात."

"कुठल्या? माझं माहेर म्हसळ्याचंच आहे."

फरिदाच्या हातात ओली चादर होती. ती तिनं नीट पसरली, चारी कोपरे ओढले, मग म्हणाली, "मग तू ओळखत असशील की तिला!"

दोन घरांत एक कुंपण, तेही वादळात अर्धं वाहून गेलेलं. आधी बोलून घेणं काही कठीण नव्हतं. पण दोघींनाही वाटलं, पोर आपली आहे असं म्हणायची वेळ आली तर ते आपणच म्हणायचं. दुसरीला कशाला विचारायचं?

खरं

मोयना बंगालची. मुर्शिदाबाद जिल्ह्यातली.

वीस सालच्या वादळानं इथल्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा झाडं कापायला ज्या टोळ्या आल्या त्यांतला एक लालन. टोळी गेली, लालन राहिला. नवी रोपं लावली, विहीर उपसली, दोन वर्षांपूर्वी गावाकडून मोयनाला लग्न करून आणलं. आवडाबाई आणि तिचा नवरा भागोजी यांच्या वाडीत मागच्या बाजूला एक खोली आहे, तिथं ती दोघं राहतात. लालनचे कागद आहेत. मोयनाचे नाहीत, म्हणून लालन आठवड्यापूर्वी ते आणायला गावी गेला. पोटुशी बायको तीन दिवसांच्या गाडीत बसवायची त्याची हिंमत झाली नाही. वाटेत कोणी बांगलादेशी म्हणून उतरवून घेतलं तर, हीसुद्धा भीती होती.

फरिदाचा नवरा अहमद कुवैतला आहे. पहिल्या खेपेला त्याचा व्हिसा संपला होता आणि एका मल्याळी बाईनं दारात आलेल्या शिपायांना सांगितलं होतं, हा माझा भाऊ. फरिदा त्या बाईला कधी भेटलेली नाही. पण लोणचं पाठवते.

हेही खरं, पण सांगायला जड

मोयनाचं नाव ठाण्यात भागोजीनं दिलं होतं.

भागोजी सागर सुरक्षा दलात आहे. पगार नाही, एक नारिंगी जाकीट आणि एक शिट्टी. त्र्याण्णवला शेखाडीला मुंबईच्या स्फोटांचं जे आरडीएक्स उतरलं ते आपण सगळे झोपलेलो होतो म्हणून उतरलं, असं तो म्हणतो. बैठकीत साहेबांनी सांगितलं, गावात बाहेरचं माणूस असेल तर कळवा. त्यानं कळवलं. आणि घरी येऊन बायकोलाही सांगितलं, कारण लपवून काही करणं त्याला जमत नाही.

"पोरीचं नाव दिलंस?"

"नाव हाय म्हणून दिलं. चोर म्हणून न्हाय दिलं."

त्या दिवसापासून आवडाबाई त्याच्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढत होती. मीठ घालत नव्हती.

ठाऊक नाही

प्रणाली पडवीत परत आली. पाठोपाठ फरिदाही आली, चिमटे हातातच.

"आवडाबाई, तुमची पोर आगरदांड्याची. ह्यांची म्हसळ्याची. अजून दोन घरं विचारली तर तिला अजून दोन माहेरं मिळतील." प्रणाली हसली नाही. "तुम्ही खोटं बोललात ना, की माझं काम अवघड होतं. आणि तिचंही. तीच सांगू दे. मोयना, गाव कुठं तुझं?"

"गाव न्हाय," मोयना म्हणाली. तिचं मराठी आवडाबाईचंच होतं, हेलासकट. "गाव नदीत गेला."

"म्हणजे?"

"पद्मा नदी. रोज जमीन खायची. आधी शाळा गेली. मग आमचा घर. मी लहान होते. मग दुसऱ्या बाजूला वाळू वर आली. लोक बोलले, हीच आपली जमीन. काका तिकडं गेला. बाबा इकडं राहिला."

"तिकडं म्हणजे बांगलादेशात?"

"तेव्हा कोण सांगितला न्हाय. वाळू होती."

मग आवडाबाईनं हातातली सुपारी खाली ठेवली.

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी मला माझी विहीर सापडत नव्हती, मॅडम. दारात उभी होते आणि दार कुठलं ते कळत नव्हतं. मला कोणी तेव्हा विचारलं असतं, घर कुठं तुझं..."

"वाडी पडली, आवडाबाई. देश नाही बदलला तुमचा." प्रणालीचा आवाज कडक नव्हता. "मला वरून विचारतात. इथं खरंच कोणी चोरून आलं आणि मी चहा पिऊन गेले, तर उद्या तुम्हीच म्हणाल, पोलीस काय करत होते? तिला ठाण्यात यावं लागेल. तिथून साहेब तिला मुंबईला पाठवतील की ठेवून घेतील की सोडतील, ते मला माहीत नाही. खोटं नाही सांगत."

मुंबईला पाठवलेले पुढे सीमेपलीकडे कसे ढकलले जातात, हे आता मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मोयना खाली बसली. फरिदानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

प्रणाली भागोजीकडे वळली. तो दाराला टेकून उभा होता, जाकीट घालून. "काका, तुम्ही दलाचे. तुम्ही सांगा. कोण आहे ही?"

आवडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा.

"हिच्या भावाची न्हाय," भागोजी म्हणाला. "फरिदाच्या खालाचीपण न्हाय. बंगालची हाय. नदीच्या कुठल्या तीराची ते मला ठाऊक न्हाय, आणि मला वाटतं नदीलापण ठाऊक नसंल."

आवडाबाईनं मान फिरवली.

"पण गाडीत घालून नेऊ नका तिला. उद्या मी आणतो. दहाच्या आत."

"आणि नाही आणलीत तर?"

"ताई, नाव मी दिलं ना? मग माणूसपण मीच आणीन."

सकाळी

आवडाबाईनं डबा भरला. चटणी-भाकरी, उकडलेली अंडी, ओल्या नारळाची वडी. "दोघांचा हाय," ती म्हणाली. हे ती भागोजीशी बोलली. "मीठ घातलंय."

भागोजीनं खुंटीवरच्या जाकिटाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग पेटीतून पांढरी टोपी काढली. लेकीला सासरहून आणायला जो जातो तो मुराळी. स्वतःच्या लेकीच्या, सोनलच्या, पहिल्या बाळंतपणाला भागोजी मुराळी होऊन गेला होता तो ह्याच टोपीत. टोपीवर आता पिवळा डाग होता. आवडाबाईनं तो पाहिला, टोपी काढून घेतली, झटकली, परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

रिक्षात मोयना कडेला बसली. दर खड्ड्याला भागोजी रिक्षावाल्याला म्हणत होता, "विनेश, हळू. अरे हळू!"

"काका, ह्याच्यापेक्षा हळू म्हणजे उतरून चालायचं."

"मग चालू. पण हळू."

मोयना हसली. पोटावर हात होताच.

ठाण्यात टेबलामागे एक तरुण शिपाई होता, कोकणाबाहेरचा. प्रणाली बाजूला उभी होती. शिपायानं मोयनाचं नाव विचारलं, मग भागोजीकडे पाहिलं.

"तुम्ही हिचे कोण?"

भागोजीला खोटं बोलता येत नाही.

"मुराळी."

"म्हणजे?"

"माहेरचा माणूस," प्रणाली म्हणाली. "न्यायला येतो तो."

"न्यायला आलात की सोडायला?"

"न्यायला," भागोजी म्हणाला. डबा मांडीवर घेऊन तो भिंतीकडेच्या बाकावर बसला आणि शेजारची जागा हातानं पुसून मोयनाला दिली. "लागू दे किती येळ लागतो तो. आम्ही बसतो."