आठ नळ्यांचा दुष्काळ

कुणी दिवस मोजत जगतं, कुणी दुसऱ्याचे दोष मोजत. काका परागकण मोजत जगले.

तळ्याच्या बुडातून काढलेल्या गाळाच्या लांब कांडीतला चिमूटभर गाळ घ्यायचा, नळीत आम्लात घालून त्यातली माती, वाळू विरघळवायची आणि तरीही जे उरतं ते काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. उरतात ते परागकण. बघायला गेलं तर फुलाच्या पोटातली धूळ. पण देवानं तिच्या अंगावर असं चिलखत घातलंय की चार हजार वर्षं चिखलात पडून राहिली तरी ती आम्लालाही दाद देत नाही. चिडाचा कण दोन्ही कानांना फुगे बांधल्यासारखा, भूर्जाचा तिकोनी, गवताचा गुळगुळीत, एका भोकाचा. कुठल्या थरात कोण किती, यावरून त्या काळी काठावर रान होतं की माळ, पाऊस होता की नव्हता, ते कळतं. एकतीस वर्षं काका खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून डाव्या हातानं काच सरकवत होते आणि उजव्या अंगठ्यानं मोजणीची कळ दाबत होते. टक्. टक्. टक्.

संस्थेत त्यांना दुष्काळकाका म्हणत. त्यांच्या मोजणीतूनच अकरा वर्षांपूर्वी मोठा शोध लागला होता. चार हजार वर्षांमागे त्या तळ्याकाठचं सगळं रान एकाएकी निम्म्यावर आलं आणि तीनशे वर्षं तसंच राहिलं. तीनशे वर्षांचा दुष्काळ! लेख आला, मग जाडजूड पुस्तकात आलेख आला, आलेखाखाली काकांचं नाव आलं. तेव्हापासून भांडारवाला त्यांना बघितलं की ओरडायचा, "दुष्काळकाका आले रे, बाटल्या झाका!" आणि काका आपली रिकामी बाटली पुढे करून म्हणायचे, "भर बाबा, तीनशे वर्षांचा तहानलेलाय."

हे हसू संस्थेच्या फाटकापर्यंत पुरायचं. पुढचा रस्ता मुकाट्याचा. घरी दोन खुर्च्या. एकीवर काका बसत, दुसरीवर धुतलेले कपडे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती होती तेव्हा स्वयंपाकघरात तिचा एक नेम असे: भाजीत मीठ घातलं की मिठाचा चमचा डब्याच्या झाकणावर उलटा ठेवायचा. "कुणी बोलायला आलं, तंद्री लागली, तरी चमचा सांगतो, बाई, मीठ पडलंय." काका चेष्टा करत, "एवढं डोकं आमच्या साहेबांनाही नाही." ती गेल्यावर कितीदा तरी त्यांच्याच हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. खारट तर खारट. तक्रार करणार कुणाकडे?

निवृत्तीला महिना उरला होता, तेव्हा एका सोमवारी दुसऱ्या विद्यापीठातली एक मुलगी काचपट्ट्यांची पेटी छातीशी धरून आली. पीएच.डी. करत होती. तिचं तळं काकांच्या तळ्यापासून एका डोंगराआड.

"काका, माझे कण एकदा बघाल का? माझं कुठंतरी चुकलंय."

"काय चुकलंय?"

"माझ्या तळ्यात दुष्काळच नाही." तिनं पेटी टेबलावर ठेवली. "तुमच्याकडे रान निम्मं झालं आणि माझ्याकडे ढिम्म! एवढ्याशा डोंगरानं पाऊस थोडाच अडतो? सर म्हणतात, नळ्या धुताना घोळ घातलास. पुढच्या सोमवारपर्यंत कारण सांग, नाहीतर ते सगळे थर काढून टाक."

"काढून टाकलेस तर?"

"दोन वर्षांचं काम कचऱ्यात. वर 'हिचा हात कच्चा' हे नाव कायमचं." मग डोळे पुसून म्हणाली, "माझंच चुकलं असणार हो. तुमचा दुष्काळ तर पुस्तकात आहे."

काकांनी मंगळवार-बुधवार तिच्या काचा मोजल्या. मोजणी चोख होती. एखाद्या सुगरणीचं निवडलेलं धान्य असावं, तशी चोख.

मग त्यांनी कपाटातून स्वतःची अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. आकड्यांवरून बोट फिरवता फिरवता ते थांबलं. दुष्काळात झाडं घटली तर त्यांच्या मानानं गवताचा वाटा वाढायला हवा. इथे चीड निम्मा, भूर्ज निम्मा, गवतही निम्मं. सगळे एका मापानं घटलेले. तेव्हाही कुणीतरी विचारलं होतं, आणि काकांनी ठासून सांगितलं होतं, "एवढा दुष्काळ, की गवताचाही जीव गेला." निम्मे झालेले थर आठ होते. आठही थरांच्या नळ्या एकाच सकाळी, एकाच स्टँडवर भरलेल्या. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. ती तारीख वाचायला काकांना चष्मा लागला नाही.

आता त्या सकाळचं सांगायचं तर आधी पाहुण्यांचं सांगायला हवं. गाळात एकूण कण किती, हे कळावं म्हणून प्रत्येक नळीत एक गोळी टाकतात. तिच्यात त्या मुलखात कधीच न उगवणाऱ्या एका वनस्पतीचे ठरावीक बीजाणू असतात. संस्थेत त्यांना पाहुणे म्हणत. समजा, एका घरात आपण दहा पाहुणे पाठवले आणि दारातून बाहेर येताना एका पाहुण्यामागे घरची दोन माणसं दिसली, तर घरात माणसं वीस. पण चुकून पाहुणेच वीस गेले असतील तर? एका पाहुण्यामागे एकच माणूस दिसेल, आणि बाहेर उभा असलेला मोजणारा लिहील: घरात दहाच. भरलेलं घर कागदावर निम्मं ओस पडेल.

त्या सकाळी काकांनी आठ नळ्यांत आम्ल घातलं, आठ गोळ्या टाकल्या. फेस येऊ लागला, तेवढ्यात बाहेरचा फोन वाजला. दवाखान्यातून मेहुणा बोलत होता. "भाऊजी, या आता. घाई करून उपयोग नाही, पण या." उघडं आम्ल टाकून जायचं नाही, हा तिथला नियम. म्हणून काका परत खोलीत आले. फेस बसला होता, नळ्या शांत उभ्या होत्या. हातांनी आपलं काम केलं: एकेक करत आठ गोळ्या टाकल्या, झाकणं लावली, दिवा घालवला. मग ते दवाखान्यात गेले.

काकांनी वही मिटली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? महिन्याभरात हार-भाषण होऊन ते घरी. पण नाव जाण्याचं भय होतं, त्याहून खोल एक गोष्ट होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्या आठ थरांचे आकडे बघितले तेव्हा घरी दुसरी खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. सगळं निम्मं झालेलं त्यांनी बघितलं आणि ते त्यांना लगेच पटलं. दुसऱ्यांदा तपासावंसं वाटलंच नाही. आपल्यासारखंच कुणीतरी तीनशे वर्षं कोरडं काढलंय, याचा आधार वाटला होता. त्या दुष्काळाचीच अकरा वर्षं त्यांना सोबत होती. आता तीही सोडायची?

आणि न सोडावी, तर एका पोरीच्या कपाळी कच्च्या हाताचा शिक्का.

गुरुवारी त्यांनी थंड खोलीतून जुन्या कांडीचा उरलेला भाग काढला. तेच आठ थर, आठ नळ्या. एकेका नळीत एकेक गोळी टाकली, आणि गोळी पडली की त्या नळीचं झाकण तिच्यासमोर उलटं ठेवलं. आठ उलटी झाकणं. भांडारवाला डोकावला. "हे काय काका, नवीन पद्धत?"

"जुनीच आहे," काका म्हणाले. "आमच्या घरची."

शनिवारी संस्था बंद. चावी मागून घेऊन काका एकटेच बसले. टक्. टक्. पाहुणा. टक्. चार नळ्या शनिवारी, चार रविवारी. रविवारी दुपारी शेवटची बेरीज झाली. चीड होता तेवढा होता. भूर्ज होता. गवत वाऱ्यावर डुलत असणार. तीनशे वर्षं तिथे पाऊस पडत होता, पाखरं येत होती, आणि काकांनी त्या सगळ्यावर उजाड असं लिहून ठेवलं होतं.

मुलगी सोमवारी सकाळी आली, ती दारातच उभी राहिली.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. "दुष्काळ नव्हता. माझ्या हातून गोळ्या दोनदा पडल्या. हे नवे आकडे तुझ्या सरांना दाखव. मासिकाला पत्र मी लिहिलंय."

ती आकड्यांकडे बघतच राहिली. "काका... तुम्ही? दोनदा? कशा काय?"

"फोन आला होता," ते म्हणाले.

"आता लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"दुष्काळकाकाच म्हणतील. तोंडाचं वळण जातंय होय?"

ती हसली, मग वाकून त्यांच्या पाया पडली आणि पेटी छातीशी धरून पळत बसथांब्याकडे गेली. काकांनी खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग काचा पुसून ठेवल्या.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी भाजी टाकली. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले. ताट वाढून घेतलं, बसले, आणि समोर बघून म्हणाले, "अगं, रान होतं गं तिथं. सगळं होतं."

खुर्ची खुर्चीच होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

काकांनी घास घेतला आणि थांबले. ओट्यावरच्या मिठाच्या डब्याच्या झाकणाकडे बघितलं. चमचा उलटा ठेवलेला होता, अगदी नेमानं. मीठ मात्र घालायचंच राहिलं होतं.

ते उठले, मीठ घातलं, चमचा सरळ करून परत उलटा ठेवला आणि पुन्हा जेवायला बसले.