आवाजाचे साधन, नग दोन

राजधानी ट्युनिसहून आलेल्या निरीक्षकाच्या फॉर्ममधला सातवा रकाना मला पटला नव्हता. 'पोलीसप्रमुखांच्या कृतीमागचा हेतू : पक्षपाती किंवा निःपक्षपाती.' बारा वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात काय विरघळलंय ते सांगू शकते. मनात काय विरघळलंय ते दाखवणारा कागद प्रयोगशाळेत नसतो. पण नगरपालिकेच्या निवडणुकीत मला निरीक्षक नेमलं होतं, आणि एकाच माणसाविरुद्ध दोन तक्रारी आल्या होत्या.

सोमवारी शाळेत परीक्षा चालू असताना तीन नंबरच्या पॅनेलचा भोंगा गेटासमोर वाजला. प्रमुख लझर बूगानमींनी तो जप्त केला. इथवर सरळ होतं. मंगळवारी त्यांनी पाच नंबरच्या पॅनेलचं गाढव जप्त केलं. पावतीवर लिहिलं, 'आवाजाचे साधन, नग एक.'

गाढव मबरूका मावशीचं. ती गावची सुईण आणि पाच नंबरची पुढारी.

"माझ्या गाढवाने कुणाकडे एक तरी मत मागितलंय का गं?" तिने मला विचारलं. "घरमालकाचा भोंगा गेला, म्हणून माझ्या जनावरावर राग! लझर तीन नंबरवाल्या हाजींच्याच माडीवर भाड्याने राहतो, विसरलीस?"

तीन नंबरचे पुढारी हाजी तिजानी त्याहून तापलेले होते. "जप्ती? अहो, पाहुणचार म्हणा! पोलीस चौकीच्या अंगणात, मतदान केंद्राच्या अगदी समोर, पाठीवर मेंदीने काढलेला पाचाचा आकडा! दिवसभर ओरडतंय आणि गाव बघायला जमतंय. लझरची पोरगी मबरूकाच्याच हातांवर जन्मली. उपकार फेडतोय लेकाचा!"

मी चौकीवर गेले. जैतुनाच्या झाडाला भोंगा आणि गाढव शेजारी शेजारी बांधले होते. दोन्ही दोऱ्या मी मोजल्या. लांबी सारखीच निघाली. नोंदवहीत दोघांच्या जप्तीची वेळ नऊ चाळीस. दोघांची सुटका शनिवारी पाचला.

लझर साहेबांनी बदाम घातलेला चहा पुढे केला. "बाई, 'पक्षपाती' लिहिलंत की माझी बदली रमादाला. नुसती वाळू आणि विंचू. पोरीची बारावीची परीक्षा महिन्यावर आली आहे हो."

"मग हेतू सांगा. गाढव का?"

"समतोल राखायला."

"भोंग्याच्या बदल्यात गाढव?"

"मावशीकडे भोंगा नाही. मग मी काय जप्त करू?" त्यांनी दार लोटून घेतलं. "हाजी रागावले तर घर जाईल. आणि मावशी... पोरगी झाली त्या दिवशी मी दवाखान्यात बेशुद्ध पडलो होतो. तोंडावर पाणी तिनेच मारलं. अठरा वर्षं तिने हे कुणाला सांगितलेलं नाही."

"म्हणजे दोघांना घाबरता."

"फार."

"जास्त कुणाला?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. तेवढ्यात गाढव दोनदा ओरडलं.

"खरंच सांगतो बाई, सारखंच."

"तसंच लिहिते मग."

"नको! पक्षपाती लिहिलंत तर वरचे मला गावात ठेवणार नाहीत. भित्रा लिहिलंत तर गाव ठेवणार नाही!"

मी फॉर्म काढून सातवा रकाना भरला. 'दोन्ही पुढाऱ्यांबद्दल प्रमुखांच्या मनात सारखाच खोल आदर आढळला. फरक शून्य. निःपक्षपाती.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. "आदर?"

"मिठाला आम्ही वर्गात दुसरंच नाव देतो," मी म्हटलं. "पदार्थ तोच असतो."

लिफाफा मात्र मी चिकटवला नाही. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, असं मीच मुलांना शिकवते.

शनिवारी पाचला सुटका झाली. हाजींची माणसं भोंगा उचलून रस्त्याला लागली. मावशीने गाढवाची दोरी धरून ओढली. गाढव हलेना. पाच दिवस शिपाई त्याला स्वतःच्या हाताने सातू भरवत होता. मावशीने ओढलं, शिपायाने मागून ढकललं. फाटकाबाहेर गर्दी जमली, कुणीतरी पाचाचा जयघोष केला. लझर साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून चार मिनिटं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि घाम पुसत रस्त्याकडे धावत सुटले.

"अरे थांबा! हाजींचा भोंगा परत आणा! गाढव निघेपर्यंत तोही इथेच!"

मी लिफाफा चिकटवला.