हात न लावलेले सत्तावीस नॉब

"काका, सगळे नॉब एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे लागतील," दुरुस्तीवाला म्हणाला.

"फिरवायचे नाहीत."

"मग मला बोलावलंत कशाला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच राग आला. माझ्या लेकीच्या टेबलावरचा सिंथेसायझर पाच दिवसांपासून खरखरत होता. पट्टी दाबली की आवाजाआधी वाळूवर चप्पल घासल्यासारखं काहीतरी यायचं.

"नॉब फिरवलेच नाहीत की त्यांच्या आत मळ साचतो," तो म्हणाला. "स्प्रे मारायचा, नॉब पुरता फिरवायचा, मळ सुटतो. न फिरवता साफ करायचं म्हणजे तोंड न उघडता दात घासायचे."

माणूस गमत्या होता. मला गंमत सुचत नव्हती.

या यंत्राला मेमरी नाही, हे आधी सांगायला हवं. सत्तावीस नॉब, आणि ते जिथे ठेवाल तो आवाज. एक जरी केसभर सरकला तरी तो आवाज गेला, परत सापडेल याची खात्री नाही. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली आणि नॉब त्या दिवशी होते तसेच आहेत. धूळसुद्धा मी रंगाच्या बारीक ब्रशने झटकतो. रोज कामावरून आलो की यंत्र चालू करतो, दहा मिनिटं तापू देतो आणि एकच पट्टी दाबतो. एक खालचा, मऊ आवाज हळूहळू वर येतो, खोलीभर पसरतो, विरतो. मग बंद करून मी भात टाकायला जातो. हसा खुशाल. दिवसभरात घरात तेवढाच आवाज होतो.

"रेकॉर्ड करून ठेवा ना," दुरुस्तीवाला म्हणाला.

"केलाय. पण तिच्या बोटांनी ठेवलेला नॉब रेकॉर्डिंगमध्ये येतो का?"

तो मागचं झाकण उघडून आत बघत बसला.

यंत्र घेतलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दुकानदाराने दोन समोर ठेवले. एकात दोनशे आवाज साठवता येत होते, तिला तो हवा होता. मी म्हणालो, "यंत्र लक्षात ठेवायला लागलं की माणूस विसरायला लागतो. हा घे, बिनमेमरीचा." एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासतोय, त्यामुळे माझं साधं बोलणंही लाल शाईत निघतं. दुकानदाराने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," ती म्हणाली. वर एक हेडफोन घेतला, दोन लहान स्पीकर घेतले. खोली घुमू नये म्हणून तिने जुनी गादी दाराला टेकवून उभी केली आणि त्या गादीमागे ती जी गेली, ती जेवायलाच बाहेर यायची. तिची आई ती शाळेत असतानाच वारली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, म्हणून मला ती गादी फार टोचायची.

ती गाणी बनवत नव्हती, नुसते आवाज. "अगं, गाणं कधी?" म्हणून विचारलं की म्हणायची, "आधी आवाज तर सापडू दे."

आणि एका दुपारी डोक्यात राख घालून निघून गेली. त्या सकाळी मी तिला छापखान्यातल्या कायमच्या नोकरीवरून बोललो होतो. कारण तेच, असं मी धरून चाललो. पहिला महिना फोन केले, तिने उचलले नाहीत. मग मीही ताठलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तिने पीळ माझाच उचललाय.

"काका, आज नाही केलं तर महिन्याभरात मुका होईल हा," दुरुस्तीवाला म्हणाला. "ज्यांचा आहे त्यांना विचारा की."

त्याच्या बोलण्यातून निमित्त मिळालं, म्हणून फोन लावू शकलो. तिने उचलला.

"बाबा? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझा सिंथ खरखरतोय, दुरुस्तीवाला आलाय. साफ करायचा तर नॉब फिरवावे लागतील. तुझा आवाज जाईल, म्हणून विचारलं."

"माझा कुठला आवाज?"

"तू ठेवून गेलीस तो. दोन वर्षं कुणाला हात लावू दिलेला नाही."

मी फोन स्पीकरजवळ धरला आणि पट्टी दाबली. आवाज वर आला, पसरला, विरला.

"बाबा, हा माझा नाही."

"असं कसं?"

"त्या दिवशी मी पाणी प्यायला उठले. परत आले तर तुम्ही हेडफोन लावून बसला होतात. म्हणालात, फार कर्कश होता गं, जरा मऊ केला. अकरा दिवस लागले होते मला. हा तुमचा आहे."

तिने सांगितल्यावर मला आठवलं. हेडफोन तिच्या कानांनी कोमट झालेला होता. मी चार-पाच नॉब फिरवले होते, कुणाच्या मजकुरात स्वल्पविराम घालावा तितक्या सहज. वर खूशही झालो होतो, की बघ, किती सुधारला.

"म्हणून गेलीस?"

"तेवढ्यासाठीच नाही. पण त्या दिवशी त्यासाठीच."

"मग तुझा कसा होता?"

"आता मलाही नाही सांगता येणार. फिरवू द्या त्यांना."

एकदा घरी ये, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

"बाबा, सकाळचे दहा वाजलेत. ठेवते. कामावर आहे."

मी दुरुस्तीवाल्याला मान हलवून हो म्हटलं. त्याने एकेका नॉबवर स्प्रे मारला, एकेक पुरता फिरवला. खरखर वाढली, मग तुटक झाली, मग थांबली. मी दाराशी गादीला पाठ लावून उभा होतो.

"घ्या, झाला मोकळा," तो म्हणाला. "आता नॉब परत कुठे ठेवू?"

"मला माहीत नाही."

"अहो, मुलीचा आवाज म्हणालात ना? कसा होता तो, तेवढं सांगा. मी बघतो लावून."

"मी तो पुरता ऐकलाच नव्हता," मी म्हणालो. "अर्धा ऐकला आणि दुरुस्त करायला बसलो."