आई कुठल्या सालात आहे

"परग्रहावरच्या राणीचं अख्खं घराणं पाठ, आणि पडद्याचं माप मात्र दर वेळी मला विचारणार," ताई तोंडात धरलेल्या टाचण्यांआडून पुटपुटली.

समोरच्या मशीनवरच्या धाकटीला ते ऐकू गेलंच. तिनं पुस्तकात खुणेची चिंधी घातली आणि गुमान झालर शिवायला घेतली.

पडदे शिवायचं हे दुकान आईनं उभं केलेलं, आता दोघी बहिणी चालवत. धाकटीला विज्ञानकथांचं वेड, म्हणून ताईची कॉलेजातली लेक तिला 'नर्ड मावशी' म्हणे. ताईला ते काही पटत नसे. नर्ड, म्हणजे पुस्तकी किडा, म्हणवून घ्यायला हुशारी लागते. ही तर गणितात गटांगळ्या खात पास झालेली. हिचं नुसतं डोकं ढगात.

तेवढ्यात कापायच्या टेबलाकडून कात्रीची करकर आली. आईनं हॉटेलच्या पडद्यांचं निळं कापड पसरलं होतं आणि खडूची रेघही न मारता त्यातून इवलासा फ्रॉक बेतला होता.

ताई टेबलाशी धावली. "अगं आई, पडदे आहेत ते. फ्रॉक घालणारं कोण उरलंय आता आपल्यात?"

आई कावरीबावरी झाली. हातातली कात्री थांबली. हा चेहरा ताईच्या ओळखीचा होता. विचारेल त्याला ताई सांगे, आईची नजर अधू झालीय, वय झालंय. धाकटी मान डोलवी. त्यापुढचं दोघीही बोलत नसत.

धाकटी उठून आईला खेटून बसली. "आई, तुझ्याकडे आत्ता कुठलं साल चालू आहे?"

"असं काय विचारतेस? धाकटी शाळेत जाणार ना यंदा."

"मग शिवणीत कापड जास्त सोड. भराभर वाढणारे ती."

"भारी हट्टी आहे गं."

"गोष्ट सांग. गप्प बसेल."

आई हसली. कात्री पुन्हा सरळ चालू लागली.

"हे कुठं शिकलीस?" ताईनं हळूच विचारलं.

"माझ्या पुस्तकांत. दुसऱ्या काळातून आलेल्या माणसाला खोटं पाडायचं नसतं. आधी विचारायचं, बाबा, कुठून आलास."

ताईनं आईला आजवर शंभरदा खरं साल सांगितलं होतं. आई एकदाही तिथं आली नव्हती. आणि ही ढगातली पोरगी किती सहज आईपाशी जाऊन पोचली.

ताईनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत टोचल्या.

"आईला विसरायचा आजार झालाय," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तू चल. तुला तिच्याशी बोलता येतं."