पहिली वडी कोणाच्या हातची

जानांच्या घरात शैलबालाच्या हातच्या वड्यांचं नाव निघालं नाही असा एक हिवाळा गेला नव्हता. नुसत्या वड्या कोणीही घालतं. उडदाची डाळ भिजवली, वाटली, फेसली, चिमटीनं सोडली की झालं. शैलबाला दागिन्यांच्या वड्या घाली. ताटात खसखस पसरायची, फडक्याच्या भोकात पत्र्याची नळी बसवायची आणि त्यातून पिठाची धार सोडत हार, कंकणं, कर्णफुलं, मुकुट काढायचे. ते वाळून तळले की खाणारा आधी दोन मिनिटं नुसता बघत बसे. महिषादलपासून तमलुकपर्यंतच्या सोयऱ्यांकडे ते डबे जात आणि डबा उघडल्यावर कोणी विचारत नसे की कोणी केल्या. विचारायची गरजच नव्हती.

तिची धाकटी जाऊ मिनती हिच्या हातात मात्र काही म्हणता काही नव्हतं. ती धार सोडायला बसली की हाराचा साप व्हायचा आणि मोराचं बदक. शर्टाला बटण लावलं तर तेही उलट्या बाजूनं लावील अशी बाई. पण हसरी. कोणी नावं ठेवली तर आपणच सगळ्यात मोठ्यानं हसायची, त्यामुळे नावं ठेवणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हायचं.

आणि दोन हिवाळे झाले, पहिली वडी मिनती घालत होती.

पहिली वडी म्हणजे म्हातारा-म्हातारी. कुठल्याही वड्या घालायच्या आधी केळीच्या पानावर दोन मोठ्या वड्या शेजारी शेजारी घालायच्या, एक म्हातारा, एक म्हातारी. दोघांच्या डोक्यावर धान आणि दूर्वा ठेवायच्या, म्हातारीला सिंदूर लावायचा, शंख फुंकायचा, मग बाकीच्या वड्या. घालणारी सवाष्ण हवी. शैलबाला लग्न होऊन आली तेव्हापासून हा मान तिचा होता. तिचा नवरा सुधांशु गेला आणि मान गेला. कोणी काही बोललंसुद्धा नाही. त्या हिवाळ्यात सासूनं सिंदुराची डबी मिनतीच्या पुढ्यात सरकवली, एवढंच. फेसायला, धार सोडायला, उन्हात ताटं फिरवायला शैलबालाचे हात चालत होते. कपाळ तेवढं चालत नव्हतं.

तेव्हापासून मिनतीचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं. तिच्या भांगातला सिंदूर खुपायचा. तिच्या हातातल्या सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या भांडी घासताना वाजायच्या, त्या खुपायच्या. दुपारी चुलीवर मोहरीच्या तेलात मासा पडला की शैलबाला, विधवेला मासा वर्ज्य म्हणून, आपला भात-तूप घेऊन मागच्या ओसरीवर जाऊन बसे, आणि तिथेही वास यायचाच. नवरा, हिमांशु, रात्री घोरतो म्हणून मिनती तक्रार करी, तेव्हा शैलबालाच्या अंगाचा तिळपापड होई. घोरतो म्हणून तक्रार करतेस? घोरणारं माणूस आहे म्हणून करतेस ना, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

या वर्षी गोष्ट आणखी नाजूक होती. शैलबालाच्या मुलीचं, बुलीचं, माघात लग्न होतं. मुलाच्या घरी तमलुकला लग्नाच्या भेटींची ताटं जायची होती, आणि त्यात दागिन्यांच्या वड्या असल्याच पाहिजेत असं मुलाच्या आईनं स्वतः कळवलं होतं. हलदियाच्या कॉलेजात शिकलेली बुली आदल्या संध्याकाळी डाळ निवडता निवडता म्हणाली, "मा, या वेळी पहिली वडी तूच घाल ना. माझ्याच लग्नाची आहे. काय होतंय?"

"जीभ आवर."

"कोण बघायला बसलंय?"

"तुझी सासू विचारेल, पहिली कोणाच्या हातची. मग काय सांगू? पांढऱ्या साडीतल्या बाईच्या हातची म्हणून? तुझ्या संसाराच्या पहिल्याच पायरीवर मी उभी राहू होय?"

"मी काही असलं मानत नाही."

"तू नको मानू. मी मानते," शैलबाला म्हणाली, आणि ते खरं होतं. तेच तर तिचं दुखणं होतं. न मानणारी असती तर डबी हिसकावून घेतली असती आणि मोकळी झाली असती.

सकाळी धुकं ओसरायच्या आत तिनं न्हाऊन घेतलं आणि पीठ फेसायला बसली. थंडीत उडदाचं पीठ फेसायचं म्हणजे खांदा गळून पडतो. फेसता फेसता ते पांढरं, हलकं होत जातं. झालं की नाही ते कळायला वाडग्यात पाणी घ्यायचं आणि पिठाचा एक थेंब सोडायचा. तरंगला तर झालं. बुडाला तर आणखी फेसायचं. कच्च्या पिठाची वडी बसते आणि वाळताना तडकते.

तेवढ्यात मिनती न्हाऊन आली. लाल काठाची नवी साडी, पाठीवर ओले केस, भांगात भरगच्च सिंदूर. ओसरीवर दात घासत उभा असलेला हिमांशु थांबून बघतच राहिला.

"बघा मा, कोण आलंय," तो आईला हाक मारून म्हणाला. "दुर्गापूजा होऊन महिना झाला, आपल्याकडची देवी अजून विसर्जनाला गेलीच नाही वाटतं."

"गप बसा हो. तोंडाचा फेस पुसा आधी," मिनती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

सासू पान चघळत हसली. बुली हसली. शैलबालाही हसली, हसावंच लागतं. मग तिनं खाली मान घालून वाडग्यात थेंब सोडला.

थेंब बुडाला. सरळ तळाला जाऊन बसला.

"तरंगलं का, दिदी?" मिनतीनं विचारलं.

शैलबालानं वाडग्यावर हात ठेवला. "तरंगलं," ती म्हणाली.

मिनतीनं केळीच्या पानावर म्हातारा घातला, म्हातारी घातली. म्हातारी जरा बसकीच झाली. "माझ्यासारखीच झाली ही, कंबर नाही नुसतं बूड," असं म्हणून ती खुदकन हसली. धान, दूर्वा, सिंदूर झालं. सासूनं शंख फुंकला, बुलीनं जीभ हलवून शुभाचं उलू-उलू केलं. मग शैलबाला म्हणाली, "थांबा, दागिन्यांना जरा आणखी हलकं पीठ लागतं," आणि परत फेसायला बसली. या वेळी थेंब फुलासारखा वर तरंगला. त्या दिवशी तिनं काढलेले हार आणि मुकुट असे उतरले की सासूसुद्धा पान चघळायची थांबली. शैलबालाला फार बरं वाटलं. तिकडे पानावर ती बसकी जोडी उन्हात पडली होती, तिच्याकडे बघून तर आणखीच बरं वाटलं. आपल्याला नेमकं काय व्हायला हवं आहे हे तिनं स्वतःला विचारलं नाही. जोडी वाकडी व्हावी, मिनतीचा हात कसा दगडाचा आहे ते पुन्हा एकदा सगळ्यांना दिसावं, इतकंच. निदान ती स्वतःला तरी तसंच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ताटं फिरवायला सासू अंगणात गेली आणि केळीच्या पानापाशी वाकली. म्हातारी तडकली होती. साधी चीर नव्हे, सिंदुराच्या ठिपक्यातून खालपर्यंत सरळ दोन तुकडे झाले होते. म्हातारा शेजारी शाबूत होता.

"दुर्गा, दुर्गा," एवढंच सासू पुटपुटली आणि केळीचं पान उचलून पदराखाली घेऊन तळ्यात सोडायला गेली. पण मिनतीनं पाहिलं होतं. म्हातारी तडकली तर तो घाव वडी घालणारीच्या सिंदुरावर, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या जिवावर, हे त्या गावात शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं.

तो दिवस सगळा विचित्र गेला. मिनती खोलीतून फारशी बाहेर येईना. हिमांशु पानमळ्यात गेला नव्हता, हेही शैलबालाच्या लक्षात आलं, पण का, ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं होतं की आपल्याला गंमत वाटेल. तसं काही होईना. जेवणाचं ताट तिनं तसंच बाजूला सारलं. वडी कच्च्या पिठानं तडकली हे तिला एकटीला माहीत होतं, तरी जिवाला घोर लागलाच. पीठ कच्चं होतं, पण ते कच्चं ठेवण्याची बुद्धी कोणी दिली? तिनं पटकन बुलीला हाक मारली आणि उगाच तिच्या केसांना तेल लावायला बसली.

ऊन उतरताना ती एकटीच माडीवर मुकुट डब्यात भरत होती. मिनती आली आणि दारातच खाली बसली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"दिदी, मला तुम्हांला एक सांगायचंय. मारलंत तरी चालेल."

"काय झालं?"

"ही माझ्याच पापाची फळं आहेत." तिनं नाक ओढलं. "पहिल्या वर्षी मांनी डबी माझ्यापुढे ठेवली ना, तेव्हा दादा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मला आवडलं होतं, दिदी. वडी घालायला मला फार आवडलं. इतकी वर्षं सगळे तुमच्याच हाताचं कौतुक करायचे. मी आपली दळणारी, वाटणारी. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही आत डोकं दुखतंय म्हणून पडला होतात आणि मी बाहेर मनातून खुशीत होते. या वर्षी तर मी साडीसुद्धा आधीपासून काढून ठेवली होती. देवानं बघितलं ते. त्याचीच ही शिक्षा. माझा आनंद तुमच्या दुःखावर उभा होता ना."

शैलबालाच्या हातातला मुकुट मोडला. खसखस मांडीवर सांडली.

तिला दया आली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या टाळक्यात सणकच गेली. म्हणजे माझा नवरा गेला त्यातही हिला आपला आनंद दिसला, आणि आता शिक्षाही हिचीच! देवसुद्धा हिच्याकडेच बघत बसलाय! माझ्या वाटणीला यातलं काहीच नाही? केलं मी, आणि पाप हिच्या नावावर?

"कसली शिक्षा आणि कसलं काय," ती फणकारली. "देवाला तुझ्या साडीकडे बघायला वेळ आहे होय? पीठ कच्चं होतं."

"पण तुम्ही तर म्हणालात, तरंगलं."

"बुडालं होतं. मी पाहिलं होतं बुडताना, आणि म्हटलं तरंगलं."

मिनती पुढे सरकली. "मग पीठच कच्चं होतं?"

"हो."

"शपथ घ्या."

"बुलीची शपथ."

शैलबाला ताठ बसली. आता ही ओरडेल. केस ओढील. खाली जाऊन सासूला सांगेल, बुलीला सांगेल, की तुझी आई अशी आहे. सांगू दे. गावभर होऊ दे. तिनं मनाची तयारी केली, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. दोन वर्षं पोटात दडपून ठेवलेलं एकदाचं अंगणात येईल. मग आपणही बोलू. सिंदुराचं, बांगड्यांचं, माशाचं, घोरण्याचं, सगळं.

मिनतीनं डोळे मिटले. मग तिला हसू फुटलं, रडं आणि हसू एकदमच. "म्हणजे यांना काही होणार नाही," ती म्हणाली. "दिदी, यांना काही होणार नाही!"

"मिनती, कळलं का तुला मी काय म्हणाले? मी मुद्दाम केलं."

"कळलं हो." ती उठून पदरानं तोंड पुसत होती. "जाऊ द्या आता ते. सकाळपासून मी त्यांना खोलीच्या बाहेर पडू दिलेलं नाही. पानमळ्यात साप असतो, रस्त्यावर ट्रक असतो. तळ्यावरही सोडलं नाही. बिचारे बिनआंघोळीचे बसलेत, शिव्या देतायत मला. आधी त्यांना सोडते."

"अगं, पण मी..."

"तुम्हांला चहा आणते मग. दिवसभर काही खाल्लं नाहीत तुम्ही, मी पाहिलं."

आणि ती जिन्यावरून धडधडत खाली गेलीसुद्धा. खालून दार उघडल्याचा आवाज आला. हिमांशु खेकसला, "सुटलो का तुरुंगातून? काय लावलंय काय सकाळपासून!" मिनती काहीतरी म्हणाली. तो परत काहीतरी बोलला, या वेळी हळू आवाजात. मग दोघंही हसली.

शैलबाला मांडीवरची खसखस गोळा करायला लागली. बोटांना ती लागेना. इतके दिवस तिनं मिनतीच्या सिंदुराचा हेवा केला होता, बांगड्यांचा केला होता, ताटातल्या माशाचा केला होता. आता जो हेवा तिच्या छातीत उठला त्यापुढे ते सगळं पोरखेळ होतं. एवढा मोठा अपराध त्या बाईनं ऐकला आणि तिला त्याची किंमत वाटली नाही. तिला धावत जायचं होतं. खाली तिची वाट बघणारं कोणी होतं.

कपबशीचा आवाज जिन्यावरून वर यायला लागला. शैलबाला उठली आणि तिनं दाराला आतून कडी घातली.

"दिदी? चहा आणलाय. दिदी, दार का लावलंत?" मिनतीनं बाहेरून कडी वाजवली. "मी कोणालाही सांगणार नाही हो. अगदी यांनासुद्धा नाही."

शैलबाला दाराला पाठ लावून उभी राहिली. निदान एक शिवी तरी दे गं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.