कागदावरची मुलगी

मोठीने पँटची शिवण उसवता उसवता थांबून फोटो हातात घेतला. पाचेक वर्षांची मुलगी, फुगीर बाह्यांचा झगा, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग.

समोर बसलेल्या पाहुणीने आपली बाही वर सरकवली. कोपर स्वच्छ होतं. मग ती चढ्या आवाजात बराच वेळ बोलत राहिली. सोबत आलेल्या दुभाषी बाई एवढंच म्हणाल्या,

"त्या जरा नाराज आहेत."

"जरा? बाई, सगळं सांगा ना."

"चार दिवस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतायत. ज्या संस्थेने त्यांना परदेशी दत्तक दिलं, ती म्हणते फाईल हीच. नाव, जन्मतारीख, सगळं त्यांचंच. फक्त फोटोतली मुलगी त्या नव्हेत. तुम्ही सख्खी बहीण, तुम्हाला तरी ठाऊक असेल."

मोठीने स्वतःची डावी बाही दुमडली. वयाबरोबर डाग पसरला होता, एवढंच.

पाहुणी खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"कागद माझे झाले होते," मोठी म्हणाली. "नवा झगा घालून फोटो काढला. पण संस्थेचे लोक न्यायला आले, त्या दिवशी मला गोवर निघालेला. आईने तोच झगा हिला चढवला. ही जेमतेम तीन वर्षांची. ते म्हणाले, अंगाने लहान दिसते. आई म्हणाली, खायला कुठे आहे?"

या वेळी बाईंनी एक शब्द गाळला नाही.

पाहुणी हसली, पण ते हसू कडवट होतं.

"त्या म्हणतात, शाळेत पाच वर्षांच्या मुलांत बसवलं. काही जमेना. मंद म्हणून दोनदा त्याच वर्गात ठेवलं. तिकडचे आईवडील डॉक्टरांचे दवाखाने धुंडाळत राहिले. त्यांच्यात काहीच खोट नव्हती."

"शाळा तरी मिळाली!" मोठी एकदम उसळली. "मी दहाव्या वर्षी या शिलाई मशीनवर बसले. ते घर, ती शाळा, माझ्या नावावर आलेलं होतं सगळं!"

बाईंनी तेही सांगितलं. पाहुणीने टेबलावर हात आपटला. गुंड्यांची डबी लवंडली.

"त्या म्हणतात, आणि आई तुम्हाला मिळाली."

दोघी खाली वाकून गुंड्या वेचू लागल्या. आईला जाऊन वर्ष झालं होतं. भांडायला आता त्या दोघीच उरल्या होत्या.

"माझं खरं नाव काय होतं, विचारतायत."

"ठेवलंच नव्हतं. छकुली म्हणायचो."

"आणि तुम्हाला?"

"मोठी. हिला पाठवल्यापासून आईने माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. मग कोणीच काढलं नाही."

पाहुणीने बाईंना हळूच काही विचारलं. बाईंनी फाईलवरच्या नावाचा इथला उच्चार करून दाखवला. तिने तो पुटपुटत दोनदा घोटला. बेचाळीस वर्षं तिकडे सगळे तिला ज्या नावाने हाक मारत, ते नाव तिने मोठीकडे बघत, अडखळत उच्चारलं.

मोठीच्या हातात चार गुंड्या होत्या. तिने मूठ मिटली.

"ओ," ती म्हणाली.